केळ कोणाला, पेरू कोणाला

बुऱ्हाणपुरात बुधवाऱ्यामागच्या आमच्या गल्लीत एकाच खेळाला दोन नावं होती. मराठी घरांतली पोरं त्याला लगोरी म्हणत, हिंदी घरांतली सितोलिया. दगड तेच सात, चेंडू तोच एक, आणि चेंडू ज्यांच्या अंगणात जाईल त्या घरच्या बाईंची बोलणीही दोन्ही भाषांना सारखीच. एका बाजूनं रचलेले दगड पाडायचे आणि पुन्हा एकावर एक रचायचे. ते रचून व्हायच्या आत दुसऱ्या बाजूनं चेंडू मारून त्यांना बाद करायचं. एवढाच खेळ. रचून झालं की आपापल्या भाषेत ओरडायचं. कुणी कुणाची भाषा दुरुस्त करत नसे, कारण तोवर पुढचं भांडण सुरू झालेलं असे.

चेंडू विकतचा नव्हता. पलीकडच्या गल्लीत माग होते, तिथं तुटकं सूत फुकट मिळायचं. आत चिंध्यांचा गोळा आणि वरून ते सूत पाण्यात भिजवून घट्ट गुंडाळायचं. वाळलं की चेंडू असा टणक व्हायचा की पाठीत बसला तर रात्री आईला तेल लावताना कळायचं, आज कोण बाद झालं ते. हा चेंडू गल्लीत सगळ्यात जोरात मी मारायचे. बढाई नाही, मला तेवढंच यायचं. पळता येत नव्हतं. मी अंगानं अशी होते की शिंपी माझ्या फ्रॉकचं माप घेताना टेप ठेवून आधी उसासा टाकायचा. मी पळायला लागले की दोन्ही बाजूंची पोरं कौतुकानं थांबायची, जशी वरातीतल्या हत्तीसाठी थांबतात.

आमच्या शेजारी भाड्यानं राहणारी एक मुलगी होती, माझ्याच वयाची, माझ्याच वर्गात. तिचे वडील कचेरीत कारकून होते. माणसं मूळची वऱ्हाडातली. तिची तऱ्हा माझ्या अगदी उलट. ती पळायची तेव्हा फक्त वेण्या दिसायच्या. पण तिच्या हातात चेंडू दिला की लोक दारं लावून घ्यायचे. एकदा तिनं समोरच्या दगडांवर नेम धरला आणि मागं उभ्या असलेल्या म्हशीला मारला. हे तिला कसं जमलं ते म्हशीलाही कळलं नाही.

म्हणून गल्लीनं आमचा हिशोब करून टाकला होता. मी मारते, पळत नाही. ती पळते, मारत नाही. बेरीज सारखी. तेव्हा या दोघी जोडी.

आता जोडी म्हणजे काय हे नीट सांगायला हवं, कारण हल्लीच्या मुलांना वाटतं जोडी म्हणजे एकत्र. आमच्याकडे उलटं होतं. भिडू वाटून घ्यायचे म्हणजे आधी सारख्या जोराच्या दोघादोघांनी जोड्या करायच्या. मग प्रत्येक जोडीनं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून लांब जायचं आणि गुपचूप दोन नावं ठरवायची. तू हत्ती, मी घोडा. तू पेरू, मी बोर. परत यायचं आणि दोन म्होरक्यांपुढं उभं राहून विचारायचं, "हत्ती कोणाला, घोडा कोणाला?" ज्या म्होरक्याची पाळी असेल त्यानं एक मागायचा. जो मागितला तो त्याचा, उरला तो दुसऱ्याचा. म्हणजे दोन्ही बाजू सारख्या जोराच्या होतात आणि रडारड होत नाही. रीत चोख होती. फक्त तिच्यात एक गोम होती. जो तुमच्या बरोबरीचा, तो कधीच तुमच्या बाजूला येणार नाही.

आम्ही दोघी शाळेत एका बाकावर बसायचो. तिच्या घरची भाकरी मी खायचे आणि आमच्या घरचं वरण ती प्यायची, खरंच वाटी तोंडाला लावून. पण संध्याकाळी माग थांबले, गल्लीत आवाज कमी झाला आणि पोरं जमली की आम्ही एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून लांब जायचो आणि परत येऊन समोरासमोर उभ्या राहायचो. तीन वर्षं. तीन वर्षांत एकदाही एका बाजूला नाही. तिच्या पाठीवर माझे जेवढे चेंडू बसले तेवढे दुसऱ्या कुणाच्याच पाठीवर बसले नसतील. त्याचं तिला काही वाटत नसे. "आज लय जोरात होता वं," एवढंच म्हणायची, जसं आपण भाजी तिखट झाली म्हणतो.

मग राज्यांची नवी मांडणी झाली. आमचा कारभार आधी नागपूरला चालायचा, तो भोपाळला गेला आणि वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं. माझे वडील मास्तर होते. ते ओट्यावर बसून पेपर मोठ्यानं वाचायचे आणि शेजारचे काका, म्हणजे तिचे वडील, ऐकायचे. कचेरीतल्या लोकांना इकडं की तिकडं ते यादीत कळणार होतं. एके दिवशी यादी आली. काकांचं नाव तिकडं निघालं. अकोल्याला. वडिलांनी विचारलं, "तुम्हाला कुणी विचारलं नाही का?" काका म्हणाले, "मास्तर, आम्हाले कोण इचारते?" वडिलांनी पेपराची घडी घातली.

मला यातलं एवढंच कळलं की ती जाणार. रविवारी सकाळची गाडी. त्यांच्या घरात तांब्या-पितळेची भांडी बारदानात शिवायला सुरुवात झाली होती.

शनिवारी शाळेतून येताना ती म्हणाली, "आज आखरीचं खेळणं हाय. एक डाव तरी एका बाजूनं खेळू."

मी म्हटलं, "कसं? आपण जोडी आहोत."

"मंग जोडी मोडू."

हे असं सरळ बोलणं मला कधी जमलं नाही. मी योजना आखणारी. आणि माझ्या योजना कशा असतात ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. वहिनी तर म्हणते, वन्संनी ठरवलं की दोन दिवस आधीच उलटं करून ठेवावं.

योजना अशी. त्या दिवशी आम्ही एकमेकींशी जोडी करायची नाही. मी कासाराच्या मुलाशी करायची, तिनं तेल्याच्या मुलीशी. दोन म्होरक्यांपैकी एक माझा मोठा भाऊ होता, आमचा दादा. दुसरा कापड दुकानवाल्यांचा मुलगा, त्याला सगळी गल्ली भैया म्हणायची. आम्ही दोघींनीही आपापल्या जोडीत 'केळ' हे नाव घ्यायचं. दादाला आधीच सांगून ठेवायचं की तुझ्या पाळीला केळ माग. पाळ्या एकाआड एक असतात, म्हणून एकीनं पहिल्या जोडीत उभं राहायचं आणि दुसरीनं तिसऱ्या. दोन्ही वेळा पाळी दादाची. दादानं त्याबद्दल माझ्या वाट्याची दोन रविवारची जलेबी मागितली. मी कबूल केलं.

"पण ओलं-सुकं तू जिंकलास तरच पहिली पाळी तुझी," मी म्हटलं.

"मी कधी हरलोय?" दादा म्हणाला.

ओलं-सुकं म्हणजे खापरीला एका बाजूनं थुंकी लावून वर उडवायची. दादा जिंकला. मी देवाला हात जोडले. इथवर सगळं बरोबर चाललं होतं, आणि तिथंच मला शंका यायला हवी होती.

तेवढ्यात भैया म्हणाला, "रुको रुको. ये कल जा रही है ना?" त्यानं तिच्याकडं बोट दाखवलं. "आज इसका आखरी दिन है. इसको नहीं बाँटेंगे. ये खुद बताएगी किधर खेलेगी."

इतका मोठेपणा आमच्या गल्लीत कुणी कधी दाखवला नव्हता. भैया खरंच चांगला मुलगा होता. माझ्या योजनेत चांगल्या माणसांची सोय केलेली नव्हती, एवढंच.

ती माझ्याकडं बघायला लागली. मी डोळ्यांनी दादा दाखवला. माझं ठरलेलंच होतं ना, मी दादाकडंच येणार. ती म्हणाली, "दादाकडं." आणि जाऊन उभी राहिली. तिच्या जोडीची तेल्याची मुलगी भैयाकडं गेली. भैया म्हणाला, "एक तेरे पास गया. अब मेरी बारी."

आता आमची जोडी. मी आणि कासाराचा मुलगा. आमची नावं ठरली होती, मी केळ आणि तो पेरू. ती बदलायचं मला सुचलं नाही. खरं तर पाय पुढं पडत होते आणि डोकं मागंच राहिलं होतं. मी विचारलं, "केळ कोणाला, पेरू कोणाला?"

आणि भैया म्हणाला, "केला!"

म्हणणारच. बुऱ्हाणपुरात, जिथं घरटी कुणाचं तरी केळीचं शेत आहे, जिथं पाहुण्याला पाण्याआधी केळ देतात, तिथं एकीकडं केळ आणि एकीकडं पेरू ठेवलं तर पेरू मागणार कोण? हे नाव निवडताना ही अक्कल आम्हा दोघींपैकी एकीलाही सुचली नाही.

घरात लग्नकार्याला माणसं जमली की मला ही गोष्ट सांगायला लावतात, आणि मी ती इथं थांबवते. "केला!" म्हटलं की सगळे हसतात. दादा अजून म्हणतो, "मी केळच मागणार होतो, माझी पाळीच आली नाही त्याला मी काय करू?" मी म्हणते, "पण जलेबी तर खाल्लीस!" पुन्हा हसतात. मग जेवायची पानं मांडली जातात.

पुढचं मी कधी सांगितलेलं नाही.

जोडीतली नावं दोघांनाच ठाऊक असतात. केळ कोण आणि पेरू कोण हे भैयाला कळायला काहीच मार्ग नव्हता. कासाराच्या मुलाला आमचं सगळं माहीत होतं, मीच सांगितलं होतं. त्यानं नाक ओढलं आणि अगदी हळू म्हणाला, "मी जाऊ का? मी म्हणतो मी केळ." त्यानं एक पाय पुढंही टाकला. समोर ती उभी होती. तिनं मान हलवली, हो म्हण, हो म्हण. दादासुद्धा माझ्याकडं बघत होता.

आणि मी हात वर केला. "मी केळ."

का, ते मला आजही धड सांगता येत नाही. मास्तरांची मुलगी होते. खोटं बोललं की जीभ झडते असं घरात ऐकलं होतं आणि मला वाटायचं ती तिथल्या तिथं झडते. शिवाय जोडीतलं नाव बदलणं म्हणजे गल्लीत सगळ्यात हलकं काम. चेंडू लपवला तर चालायचं, दगड सरकवला तर चालायचं, पण नाव बदललं तर महिनाभर कुणी खांद्यावर हात टाकू देत नसे. मी भैयाच्या बाजूला जाऊन उभी राहिले. ती दुसरीकडं बघायला लागली.

डाव सुरू झाला. दादाच्या बाजूनं दगड पाडले आणि आम्ही मारायला लागलो. एकेक बाद होत गेला. शेवटी त्यांच्याकडं ती एकटी उरली आणि सहा दगड रचून झाले होते. सातवा तिच्या हातात होता. चेंडू माझ्याकडं आला. आमच्यामध्ये दहा पावलांचं अंतर. तिची पाठ माझ्याकडं. ती वाकली होती आणि दगड ठेवायचा असेल तर तिला जागचं हलता येणार नव्हतं. असा नेम मी झोपेतही चुकवला नसता.

"मार ना!" भैया ओरडला. "क्या देख रही है?"

मला वाटलं, आता तरी. आता तरी मी तिच्या बाजूची होते. मी चेंडू मारला आणि तो तिच्या डोक्यावरून हातभर उंच गेला, पार नळापाशी.

तिनं दगड ठेवला. दादाची सगळी बाजू "लगोरी!" म्हणून ओरडली. ती ओरडली नाही. ती उभी राहिली, वळली आणि माझ्याजवळ आली. मला वाटलं, हसेल.

"तुनं मुद्दाम चुकवलं."

मी नळापाशी गेलेल्या चेंडूकडं बघत राहिले.

"मले लिंबूटिंबू समजतं का वं तू?"

लिंबूटिंबू म्हणजे गल्लीतली तीन-चार वर्षांची पोरं. ती रडू नयेत म्हणून त्यांना खेळात घ्यायचे, पण त्यांना चेंडू लागला तरी लागला नाही म्हणायचे. त्यांचा डाव खरा नसतो. ती कधी लिंबूटिंबू नव्हती. पहिल्या दिवसापासून नव्हती. तीन वर्षं तिनं माझे चेंडू पाठीवर घेतले होते आणि एकदाही हळू मार म्हटलं नव्हतं.

"आखरीच्या दिवशी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. मग ती घरी गेली. तिच्या मागून सगळी पोरं बघत राहिली. भैया मला म्हणाला, "बुरा लगा उसको." एवढं मलाही कळलं होतं. खोटं बोलायची वेळ आली तेव्हा मी खरं बोलले आणि खरं खेळायची वेळ आली तेव्हा खोटं खेळले. अर्ध्या तासात दोन्ही.

रविवारी सकाळी त्यांच्या दारात टांगा आला. आईनं वाटेत खायला दशम्या बांधून दिल्या. तिची आई आणि माझी आई गळ्यात पडून रडल्या. वडील आणि काका सामान मोजत होते, म्हणजे नग बारा की तेरा यावरून वाद घालत होते, कारण पुरुषांना रडायचं नसलं की ते असंच करतात. ती टांग्यात मागच्या बाजूला, मांडीवर गाठोडं घेऊन बसली होती. मी एक वाक्य तयार करून आणलं होतं. "खरंच हात चुकला माझा." चार शब्द. अंघोळ करताना पाठही केले होते. पण ते खोटं होतं आणि खोटं मला जमत नाही हे आदल्याच दिवशी सिद्ध झालेलं. खरं सांगायचं तर ते तिला माहीतच होतं. मग सांगायला उरलं काय?

"नीट जा," मी म्हटलं.

टांगा हलला. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "भुसावळले गाडी बदलावं लागते."

बस. तेवढंच. ती मिटवत होती का, की नुसतीच माहिती देत होती, यावर मी किती वर्षं विचार केला असेल सांगता येत नाही. टांग्याचं चाक कोपऱ्यावर एका दगडाला अडलं, पुढं गेलं, आणि मग फक्त घोड्याच्या घुंगरांचा आवाज. तोही थोडा वेळ. पुढं आमच्या वडिलांना काकांची पत्रं यायची, "सर्व कुशल" म्हणून. मुलींबद्दल त्यात कधी काही नसे.

त्या संध्याकाळी खेळायला गेले. सगळ्यांच्या जोड्या झाल्या आणि मी उरले. दादा म्हणाला, "तू दोन्हीकडून खेळ." मी नाही म्हटलं आणि घरी आले. आईनं विचारलं, "आज लवकर आली का वं?" मी म्हटलं, "पाय दुखतोय." जीभ झडली नाही. एक दिवस उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी कासाराच्या मुलाशी माझी जोडी ठरली. तो पळायचाही बरा आणि मारायचाही बरा, म्हणजे बेरीज जुळत नव्हती, पण गल्लीनं जुळवून घेतली. पहिल्याच डावात मी त्याला असा चेंडू मारला की तो खालीच बसला. भैया म्हणाला, "अरे, जान लेगी क्या?" मी म्हटलं, "खेळायचं तर खरं खेळायचं." वर्षभरात आईनं माझं खेळणं बंद केलं, मुलगी मोठी झाली म्हणून. पण खरं सांगायचं तर त्याआधीच माझ्यासमोर उभं राहायला पोरं कचरायला लागली होती.

मी याच गावात राहिले, मास्तरीण झाले, लग्न राहूनच गेलं. दादा नेपानगरला नोकरीला लागला. मे महिन्यात त्याची नातवंडं वहिनीबरोबर आठ दिवस माझ्याकडं असतात आणि घर भरतं. परवा त्यांना लगोरी शिकवायचं ठरलं. मी दगड वेचले, चेंडू केला. सगळ्यात धाकटी सहा वर्षांची. ती सातवा दगड हातात घेऊन वाकली, जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून. माझ्या हातात चेंडू.

मी मारला. नेम अजून शाबूत आहे. पोर कळवळून रडायला लागली.

वहिनी धावत बाहेर आली. "अहो वन्सं, लहान आहे ती! एक चेंडू चुकवला असता तर काय बिघडलं असतं?"

मला सांगता आलं असतं. गोष्टी सांगण्यात मी घरात प्रसिद्ध आहे. पण भोवती पोरं उभी होती, ती रडत होती, आणि ही हसायची गोष्ट नव्हती.

"नेम बसला," मी म्हटलं.

वहिनी पोरीला उचलून आत घेऊन गेली. मोठ्या दोघांनी दगड गोळा केले, चेंडू घेतला आणि गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन खेळ मांडला. तिथून त्यांचा आवाज येत होता. मी ओट्यावर बसून राहिले. थोड्या वेळानं ती धाकटी डोळे पुसत बाहेर आली, माझ्याकडं न बघता ओट्यावरून उतरली आणि त्यांच्याकडं पळत गेली. चांगली पळते.